बंद खोलीतलं वाक्य

दत्ता,

तुला 'तू' म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी तुला 'तुम्ही'च म्हणत आले आणि तूही मला. आपल्या वेळी नांदेडच्या कॉलेजात मुलंमुली एकमेकांना असंच म्हणायची, पण बाकीच्यांचं पुढं सुटलं. आपलं सुटलं नाही. त्याचं कारण तुला पक्कं माहीत होतं. माझा तुझ्यावर संशय होता.

मागच्या आठवड्यात तुझ्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले. शेवटी काहीच बोलले नाहीत," असं म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला धीर दिला, कसं झालं ते विचारलं, फोन ठेवला. आणि पहिला विचार काय आला सांगू? मरणाच्या प्रसंगात माणसाच्या तोंडी वाक्य घालू नका, ते कधी खरं वाटत नाही, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. मला वाटलं, तिथंही हा सांभाळूनच वागला की काय! रडू त्यानंतर आलं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून आत कापडाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन रडले.

आता लातुरातल्या या घरात बसून तुझ्याशी बोलते आहे. तुझ्या कादंबऱ्या, तुझे मानसन्मान, त्याचं लिहिणारे लिहितील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला त्या एका वाक्याचं बोलायचं आहे.

तू आमच्या वर्गात आलास तेव्हा तुला कुणी फारसं विचारत नव्हतं. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरातला वाळका मुलगा, मागच्या बाकावर बसून सगळ्यांकडं बघत राहणारा. मराठीच्या तासाला एकदा आपल्यातल्या एकानं स्वतःची कथा वाचून दाखवली. त्यात देगलूरकडचा एक म्हातारा आपल्या लेकाला म्हणतो, 'बाळा, या अवर्षणानं माझं अंतःकरण विदीर्ण झालं आहे.' सगळे गंभीर झाले. तू मागून विचारलंस, "म्हातारा काय करतो?"

"शेती."

"मग विदीर्ण त्यानं कुठून आणलं?"

वर्ग हसला, तो मुलगा वर्षभर तुझ्याशी बोलला नाही. तू हसला नव्हतास. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं.

किनवटच्या सहलीला गेलो तेव्हा मुदखेडला गाडी बदलायची होती. गाडीचा पत्ता नव्हता. आम्ही मुली एका बाकावर, तुम्ही मुलं सिमेंटच्या कट्ट्यावर. तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "त्या पागोटेवाल्या माणसाला विचारा, किनवटची गाडी गेली का." मी गेले, विचारलं. तो माणूस म्हणाला, "कोन्या गावच्या तुम्ही?" मी गाव सांगितलं. तो म्हणाला, "उदगीरकडच्या? तिकडं पाऊस हाय का?" मी परत आले. तू विचारलंस, "गाडी गेली का?" मी म्हटलं, "त्यानं सांगितलंच नाही." तू इतका खूश झालास! "बघा, कोणी विचारलेल्याचं उत्तर देत नाही. आणि आपण कथेत मात्र प्रश्न लिहितो, खाली उत्तर लिहितो. शाळेची परीक्षा चालू असल्यासारखं."

मला ते पटलं. त्या दिवसापासून मीही माणसांचं बोलणं ऐकायला लागले. हॉस्टेलातल्या मुलींचं, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या बांगडीवाल्याचं, मेसमधल्या मावशीचं. तुझ्यामुळं मला कान आले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आणि त्याच कानांमुळं पुढं मला तुझा संशय आला.

ते कोरडं वर्ष होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचा सगळा भाग उस्मानाबादेतून निघून त्यात आला होता. गावोगावी दोनच गोष्टी बोलल्या जायच्या, पाणी आणि जिल्हा. विहिरींना तळ दिसत होता आणि तालुक्याला नव्या क्वार्टरांचे पाये खोदले जात होते. आमच्या गावाला टँकर यायचा. कधी यायचा, कधी नाही. बाया घागरी रांगेला लावून घरी जायच्या, रांगेत घागरीच उभ्या असायच्या.

तो टँकर आमच्या दोड्डप्पांचा होता. आमच्याकडं थोरल्या चुलत्याला दोड्डप्पा म्हणतात आणि चुलतीला दोड्डव्वा. माझे वडील मी लहान असताना गेले, आईही पाठोपाठ गेली. या दोघांनीच मला वाढवलं. मला नांदेडला शिकायला ठेवणारे दोड्डप्पाच. आमच्या आळीतली एकही मुलगी तोवर कॉलेजात गेली नव्हती. "पोरगी हुशार हाय, शिकू द्या," असं म्हणून त्यांनी सगळ्या भावकीला गप्प केलं होतं. कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. पण ठेकेदारीत कसा होता, हे मला घरात राहून कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होते. एका दुपारी नव्या क्वार्टरांच्या बांधकामावरचे ओव्हरसियर साहेब आले. दोड्डप्पांनी त्यांना बैठकीच्या आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. दोड्डव्वानं चहा केला आणि माझ्या हातात ट्रे दिला. मी दार ढकलून आत गेले तसे दोघं गप्प झाले. साहेब म्हणाले, "च्यात साखर कमी टाका बरं का, बाई." चहा तर त्यांच्या पुढ्यात आलेला होता. मी ट्रे ठेवला आणि बाहेर आले. मी ऐकलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी गावाचा टँकर आला नाही. त्यानंतरही बरेच दिवस आला नाही.

जूनमध्ये दोड्डप्पा मला हॉस्टेलात सोडायला आले. फाटकाशी तू उभा होतास, कुणाची तरी वाट बघत. मी ओळख करून दिली. दोड्डप्पांनी तुला खालीवर न्याहाळलं.

"कोन्या गावचे?"

"मुदखेडचा."

"मुदखेडात पानी हाय का?"

"हाय थोडं थोडं."

दोड्डप्पा थोडं थांबले, मान डावीकडं केली. "कुनाच्या हातात हाय?"

तू काहीतरी गुळमुळीत बोललास. ते आत वॉर्डनबाईंकडं गेले. तुमचं दोघांचं सगळं मिळून तेवढंच बोलणं झालं. पुढं पावसाळाभर तू मला आमच्या गावाबद्दल एकदाच विचारलंस. मी म्हटलं, टँकर येतो, पण भरवसा नाही. याहून अधिक मी काही बोलले नाही. हे मी चाळीस वर्षं मनात तपासून बघितलं आहे.

दिवाळी अंकात तुझी कथा आली. मी घरीच होते. आमच्या शाळेतल्या गुरुजींकडं तो अंक यायचा, त्यांनी ती पारावर मोठ्यानं वाचली. गावाचं नाव नव्हतं, माणसाचं नाव नव्हतं. एक टँकरवाला ठेकेदार आणि एक साहेब बंद खोलीत बसले आहेत. गावाची खेप बांधकामाकडं वळवायची आहे. साहेब कचरतो, म्हणतो, गाव तहानेलं आहे. आणि ठेकेदार म्हणतो,

'भित वाळली तर फुटती, सायेब. मानूस वाळला तरी हुबा ऱ्हातो.'

वाचून झाल्यावर पारावर एकजण म्हणाला म्हणे, "ह्ये तर अप्पाच!" कारण 'सायेब' म्हणायच्या आधी दोड्डप्पा थोडं थांबायचे आणि मान डावीकडं करायचे, ते तू लिहिलं होतंस. पुढं 'पानी कुनाच्या हातात हाय' हा प्रश्नही होता. संध्याकाळपर्यंत ते वाक्य घरोघरी गेलं. पोरं खेळताना ओरडायला लागली. आमच्या बाहेरच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं 'वाळली का?' असं लिहिलं.

दोड्डप्पांनी मला, दोड्डव्वाला आणि आमच्या गड्याला माजघरात बोलावलं. ते ओरडत नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली.

"आत कोन कोन हुतं?" त्यांनी विचारलं. उत्तरही तेच देऊ लागले. "म्या. आन् सायेब. सायेब सांगनार न्हाई, त्याची नोकरी हाय. मग च्या घेऊन कोन आलतं?"

"मी. पण मी काहीच ऐकलं नाही, दोड्डप्पा."

"आन् ते मुदखेडचं पोरगं कुनाच्या वर्गात हाय?"

"माझ्या. पण मी त्यांना काही..."

"मग त्याला सपान पडलं काय?"

दत्ता, एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. 'मी असं बोललो नाही' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. गावात नाही, घरात नाही. म्हणजे बोलले होते. आणि बोलले होते तर ते तुझ्यापर्यंत कोणी पोचवलं? दोड्डव्वा चौकटीला टेकून उभी होती, खाली बघत. मी तिच्याकडं बघितलं, तिनं पदर नीट केला.

हॉस्टेलातली माझी ट्रंक गड्यानं जाऊन आणली. माझं दुसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं. वैशाखात लातूरच्या एका कापडदुकानदाराच्या घरी माझं लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, ती तक्रार नाही. पण नांदेडच्या त्या वर्गातला माझा बाक मी परत बघितला नाही.

तू आमच्या गावी आला होतास, हे मी कधीच विसरले नाही. कुणी बोलावलं नसताना, एसटीनं, एकटा. मी आत होते, मला बाहेर यायची परवानगी नव्हती, पण दाराच्या फटीतून दिसत होतं. दोड्डप्पांनी तुला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला.

"बोला. कोन सांगितलं तुमाला?"

"कुणी सांगितलं नाही. मी बनवलं."

"काय बनवलं?"

"ते वाक्य. सगळंच."

"माझ्या तोंडातलं वाक्य तुमी बनवलं व्हय?"

"तुमच्या पुतणीचा काही संबंध नाही. तिला कॉलेजला पाठवा."

"म्या बोललेलं मला म्हाईत. सायेबाला म्हाईत. तुमाला कसं म्हाईत? देव हायसा काय तुमी?"

तू खाली मान घालून बसलास. मग उठलास आणि गेलास. मला तेव्हा तुझा इतका राग आला! वाटलं, खोटं तरी धड बोल. एखाद्या ड्रायव्हरचं नाव घे. 'बनवलं' हे कोण ऐकून घेणार?

एक मात्र झालं, तेही सांगितलं पाहिजे. त्या कथेनंतर ओव्हरसियर साहेबांची बदली झाली. पुढच्या उन्हाळ्यात गावाचा टँकर रोज आला, सरळ विहिरीपाशी. बाया घागरींबरोबर स्वतः रांगेत उभ्या राहायला लागल्या. माझी एक मैत्रीण मला माहेरपणात म्हणाली, "तुज्या त्या कथावाल्याचं भलं हो." मी तिला काय सांगणार, की त्या पाण्यात माझी बीए गेली?

ती बीए मी नंतर बाहेरून केली, शाळेत शिकवायला लागले. तुझं पत्र आलं ते मी शिक्षिका झाल्यावर. माफी वगैरे काही नाही. नव्या कादंबरीची काही पानं आणि एक ओळ, 'यातले संवाद मोठ्यानं वाचा आणि जीभ कुठं अडते ते कळवा.' मला हसू आलं, रागही आला. पण मी वाचले. दुपारी दुकान सामसूम असताना गल्ल्याजवळ बसून मोठ्यानं वाचले. आमच्या यजमानांना वाटलं, मला काही झालं. तीन ठिकाणी जीभ अडली, ते कळवलं. तिथून पुढं तुझं प्रत्येक पुस्तक छापायच्या आधी माझ्या तोंडातून गेलं. तू कुठं म्हणाला नाहीस, मीही नाही.

आपली भांडणंही त्यावरूनच. उदगीरची बाई नवऱ्याला 'अहो' म्हणणार नाही, 'ऐकून ऱ्हायलाव का' म्हणेल, यावर तू चार महिने अडलास. आमच्याकडं 'करून राहिलो' म्हणत नाहीत, ते तुमच्या नांदेडकडं, हे मी तुला कितीदा सांगितलं. तू म्हणायचास, "बोलीची फोडणी घातली म्हणजे संवाद होत नाही. माणूस कशाला बगल देतो ते सापडलं की मग तो कुठल्याही भाषेत बोलू दे." मी म्हणायचे, "बगल कुणी दिली हे तरी कळायला पाहिजे ना. तुमची माणसं फार हुशार बगल देतात."

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, मी शेवटी तेच विचारायचे. "आता तरी सांगा. ते वाक्य कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"खरं?"

"तुमच्या काकांनी मला फाटकाशी एकच प्रश्न विचारला होता. पाणी किती आहे, असं कोणीही विचारतं. त्यांनी विचारलं, कुणाच्या हातात आहे. त्या प्रश्नातून सगळा माणूस आला."

मला ते कधी पटलं नाही. एका प्रश्नातून माणूस येतो, हे भाषणात शोभतं. मला ड्रायव्हरचा संशय होता. गड्याचा होता. एकदा तर मला वाटलं, तू त्या उन्हाळ्यात गुपचूप आमच्या गावात येऊन गेला असशील. आणि तुझा संशय होता म्हणून तुझ्यासमोर मी मोजूनमापून बोलत राहिले. घरचं काही नाही, सासरचं काही नाही, नवऱ्याशी भांडण झालं तर त्या दिवशी तुझा फोनही घ्यायचे नाही. न जाणो, पुढच्या पुस्तकात मीच सापडायचे. तू एकदा म्हणालास, "महानंदाबाई, तुम्ही माझ्याशी छापील बोलता." मी म्हटलं, "तुम्ही छापता म्हणून." तू हसलास, पण ते हसणं मला अजून दिसतं. तुला लागलं होतं.

दोड्डप्पा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले होते. अंथरुणाला खिळलेले. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "म्या तसं बोलायला नको हुतं."

"काय, दोड्डप्पा?"

"मानूस वाळला तरी हुबा ऱ्हातो म्हनलो म्या. लई पाप झालं. जबान घसरली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

टँकर वळवला याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पश्चात्ताप झाला तो वाक्याचा. मी हे तुला फोनवर सांगितलं, विजयानं सांगितलं. बघा, ते स्वतः कबूल झाले, आता तरी बोला! पलीकडून तू म्हणालास, "बिचारे." आणि फोन ठेवलास. मला वाटलं, पकडला गेलास.

परवा मी उदगीरला गेले. दोड्डव्वा आता तिथं धाकट्या मुलाकडं असते. नव्वदीला टेकली आहे, दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. सुपात तूर घेऊन बसली होती, बोटांनी चाचपून खडे काढत. मी म्हटलं, "दोड्डव्वा, मुदखेडचा दत्ता गेला."

"कोन?"

"ती पाण्याची गोष्ट लिहिलेला."

"आगं, ते! लई वाळकं पोरगं हुतं." थोडी तूर तिनं निवडली. मग म्हणाली, "हे तसं बोललेच न्हवते."

मला आधी कळलंच नाही. "कोण? काय?"

"तुजे दोड्डप्पा. ते भितीचं. तसं काय बोलले न्हवते."

"तुला कसं माहीत?"

"म्या दाराच्या मागंच हुते की. च्या चुलीवर ठिवला आन् तितंच बसले, मग तुज्या हातात दिला."

"मग काय बोलले होते?"

"काय बोलनार? सायेब म्हनला, 'मग कसं करायचं?' हे म्हनले, 'बगू की.' मग लई येळ कोन काय बोलंना. मग सायेब म्हनला, 'न्हाई, पर जरा लवकर बगा.' हे म्हनले, 'हाव.' मग तू च्या घिऊन गेलीस आत."

"आणि?"

"आन् काय? झालं की. दुसऱ्या दिशी टँकर तिकडं गेला."

दत्ता, 'बगू की.' 'हाव.' गावाचं पाणी तेवढ्यावर गेलं. तुझं वाक्य त्यापुढं किती सजवलेलं वाटायला लागलं, आणि त्याच क्षणी कळलं की तू खरंच ते बनवलं होतंस. कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तिथं काही नव्हतंच. तू आमच्या माजघराबाहेर मान खाली घालून बसलास, तेव्हा खरं बोलत होतास. मला हे सांगायला तू नाहीस. आठ दिवस आधी मी उदगीरला गेले असते तर तुला फोन करून सांगितलं असतं, आणि तू सगळ्यात आधी विचारलं असतंस, 'बगू की म्हणताना ते कुठं बघत होते?'

मी दोड्डव्वाला म्हटलं, "दोड्डप्पा तर स्वतः म्हणाले, मी बोललो म्हणून. रडले माझ्यासमोर."

"त्यांनला पटलं हुतं. छापून आलतं न्हवं. म्या एकडाव म्हनले, तुमी तसं बोलला न्हवता. माज्यावरच वरडले. 'तुला काय कळतंय? म्या बोललो.'" ती थांबली. "त्यांनला आवडायचं ते वाक्य. दारू पिल्यालं मानूस कसं आपलंच आपन ऐकतंय, तसं म्हनायचे कदी कदी. एकलेच बसून."

तुला हे ऐकून काय वाटलं असतं? मला वाटतं, तू आनंदानं उडाला असतास आणि मग दोन दिवस झोपला नसतास. आपल्या वाक्यानं एका माणसाला न केलेलं पाप दिलं, आणि केलेलं त्याच्या आड लपलं. यावर आपलं मोठं भांडण झालं असतं. मी म्हटलं असतं, बघा, चांगल्या वाक्याचं हे असं होतं. तू म्हटलं असतंस, पण टँकर तर सरळ विहिरीवर आला ना? आणि दोघांपैकी कोणी हरलं नसतं.

आणखी एक भांडण मी तुझ्याशी केलं असतं, ते आता एकटीच करते. तुझ्या त्या कथेत ठेकेदाराच्या घरात बाई नाही. चहा आपोआप येतो. बंद खोलीत दोन पुरुष बोलतात आणि दाराच्या मागं कोणी नाही. एवढा ऐकणारा तू, पण जी ऐकत होती तिला तू एक शब्द दिला नाहीस. तिलाच तेवढं खरं माहीत होतं.

पण तिनं तरी काय केलं? मी विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "दोड्डव्वा, तुला माहीत होतं तर तेव्हा का बोलली नाहीस? माझं कॉलेज गेलं ना त्या वाक्यापायी!"

तिनं सूप खाली ठेवलं. "काय बोलू म्हनतीस? तसं बोलले न्हाईत म्हनले असते, तर लोकं म्हनले असते, मग कसं बोलले? 'बगू की' म्हनले म्हनून सांगू? मग टँकर कुटं गेला तेबी सांगावं लागतंय. घर सांभाळू का तुजं कालेज सांभाळू?"

"मी तुझी कोणी नव्हते?"

"तुजं लगीन कुटंतरी व्हायाचंच हुतं."

शेजारच्या चुलीवरच्या पातेल्याला तिनं नुसतं बोट लावलं, ऊन आहे का बघायला. त्या बाईनं मला वाढवलं, माझ्या तापात रात्री जागून काढल्या. आणि तिनंच मला त्या दिवशी चौकटीला टेकून, पदर नीट करत, सोडून दिलं. दोन्ही खरं आहे. तू मला शिकवलं होतंस की एकाच माणसाच्या तोंडून अशी दोन माणसं बोलली पाहिजेत. ती समोर बसलेली असताना मला ती दोन माणसं सहन होईनात.

घरी परत यायला निघाले, पण पाय निघेना. तुझी सवय लागलेली. कुणी फार नीट, फार ओघानं सांगितलं की माझं मन आखडतं. 'बगू की', मग शांतता, मग 'हाव', हेही तर इतकं बेतशीर होतं. इतक्या वर्षांत तिनं मनात घोळवून घोळवून बनवलं नसेल कशावरून? तिचा नवरा त्या वाक्यातून सुटावा म्हणून? दोड्डप्पा गेले, साहेब कधीच गेले, आता तूही गेलास. तिला खोडून काढणारं कोणी उरलं नाही.

मी परत वळले आणि तिच्याजवळ बसले. "दोड्डव्वा, हे खरं सांगतीस ना गं?"

तिनं तुरीत हात फिरवला, एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "आता ऐकायला ऱ्हायलंय कोन?"

मी तिच्या समोरच बसले होते.